शेगडीवरचा झेंडू

मालुबाईंच्या लक्षात आलं तेव्हा त्यांचे हात जोडलेले होते आणि डोळे मिटलेले. डोळे उघडले तर समोर गॅसची शेगडी. दोन्ही बर्नरवर एकेक टपोरा झेंडू, बटणांवर हळदीकुंकवाची बोटं. मिक्सरच्या झाकणावर फूल, कुकरच्या शिट्टीशेजारी फूल, विळीच्या पात्याला कुंकू, आणि मागच्या दाराशी असलेल्या कपड्यांच्या मशीनवर तर चक्क माळ. हे सगळं आपणच केलं याबद्दल शंका नव्हती, कारण बोटं अजून लाल-पिवळी होती. न्हाऊन त्या फुलांची पाटी घेऊन बसल्या होत्या. हा ढीग वर्कशॉपच्या लेथ मशीनना, हा मोटरसायकलला, हा गाडीला, असं वेगळं करता करता मन कुठेतरी भरकटलं आणि हात चालत राहिले. मालकिणीला विचारून काम करायचं त्या हातांनी केव्हाच सोडून दिलं होतं.

पूजेत खोट नव्हती, वेळ चुकली होती. खंडेनवमीला हत्यारांना हळदीकुंकू लागतं, आणि एकदा लागलं की ते हत्यार बसलं. दसरा उजाडेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. बेळगावात सुतारापासून कारखानदारापर्यंत सगळे हे पाळतात. बायकाही पाळतात, पण त्यांची तऱ्हा वेगळी. स्वयंपाक झाला, पंगती उठल्या, भांडी घासून पालथी पडली, ओटा पुसला, की संध्याकाळी जाता जाता शेगडीला एक बोट कुंकू. म्हणजे लेथला अख्खा दिवस विसावा आणि शेगडीला झोपेपुरता. लग्न झाल्यापासून मालुबाई असंच करत आल्या होत्या आणि त्यात काही वावगं आहे असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. आज मात्र अजून भातही चढला नव्हता. दुपारी उद्यमबागेतल्या वर्कशॉपमध्ये देवीला नैवेद्य जायचा होता, तो घरचाच लागतो, हॉटेलातला चालत नाही. त्यानंतर कामगार घरी जेवायला यायचे होते. पुरणाची डाळ धुऊन ठेवलेली होती आणि ती ज्या कुकरात शिजायची तो कुकर देव होऊन बसला होता.

फूल काढून टाकायला असा कितीसा वेळ लागला असता? कुणी पाहिलं नव्हतं. नवरा, नागोजीराव, न्हाणीघरात होते, आतून तांब्याचा आवाज येत होता. सून रचना तिच्या खोलीत होती. मुलगा सूरज कामासाठी बेंगळुरात, तो उद्या यायचा. मालुबाईंनी हात पुढे केला, झेंडूच्या पाकळ्यांना बोटं लागली, आणि हात तिथंच थांबला. देवाची भीती वाटली हे खरं, पण तेवढंच नव्हतं. त्या भीतीच्या खाली दुसरं काहीतरी हललं आणि ते चक्क सुखाचं होतं. शाळेला अचानक सुट्टी जाहीर झाल्यावर पोटात जसं गोड व्हायचं तसं. त्यांनी हात मागे घेतला, पदराला पुसला आणि स्टुलावर बसल्या. सकाळच्या या वेळी स्वयंपाकघरात आपण बसलेलो आहोत, ही गोष्ट त्यांना इतकी नवीन होती की पाय कुठे ठेवावेत ते कळेना.

स्वयंपाकघर शांत होतं. शांत स्वयंपाकघर कसं दिसतं ते त्या बघत राहिल्या, आणि बघता बघता जांबोटीकडचं सासरचं घर आठवलं. लग्न होऊन आल्या ते थेट तिथल्या पावसात. बाहेर दिवसरात्र धार, आत ओल्या लाकडांचा धूर, डोळे कायम रडून आल्यासारखे. त्या दिवसांची त्यांना मुळीच ओढ नव्हती. जुनं ते सोनं म्हणणाऱ्या माणसाला एक पावसाळा त्या चुलीपुढे बसवावं, असं त्यांचं स्वच्छ मत होतं. पण आज स्टुलावर बसून त्यांना धुराच्या पलीकडची माणसं दिसायला लागली. सासरे उन्हाळाभर लाकडं फोडायचे आणि पाऊस लागायच्या आत पडवीत रचायचे. दीर कावडीनं पाणी आणायचा. भात सडायचा असला की उखळापाशी दोघं-तिघं उभे राहायचे. नागोजी तेव्हा पोरगेलेसेच होते. भल्या पहाटे चूल तेच पेटवायचे, कारण ओलं लाकूड धरवण्यात त्यांचा हातखंडा होता. तोंड फुगवून, गाल लाल करून फुंकर घालायचे आणि चूल धरली की नव्या बायकोकडे बघून हसायचे. काम ढीगभर होतं, पण ते घरभर वाटलेलं होतं.

मग बेळगावला आले. टिळकवाडीतली भाड्याची खोली, पंपाचा स्टोव्ह. तो पहिल्यांदा पेटला तेव्हा सासूबाई, जयाबाई, मुद्दाम गावाहून बघायला आल्या होत्या. त्या निळ्या ज्योतीकडे बघून म्हणाल्या, "आता काय बाई, तुझं राणीचं राज्य. लाकूड न्हाय का धूर न्हाय." खरंच होतं ते. लाकूड गेलं. लाकूड फोडणारेही गेले. निदान रॉकेलच्या रांगेत डबा घेऊन नागोजीराव उभे राहायचे. मग गॅस आला आणि ती रांगही गेली. नळ आला आणि कावड गेली. गिरणीतून पीठ यायला लागलं, तांदूळ सडून यायला लागले, आणि उखळापाशी उभं राहायचं कुणाला कारणच उरलं नाही. एकेक यंत्र घरात आलं, त्याला हार घातला गेला, पेढे वाटले गेले, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी पुरुष माणूस अंग झाडून मोकळा झाला. मालुबाईंच्या वाट्याचं काम मात्र जिथल्या तिथं राहिलं. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात. त्या सारवतं कोण, ते म्हणीत नाही.

उलट काम वाढलंच, आणि वाढलं तेही चोरपावलांनी. मिक्सर नव्हता तेव्हा रोज एक आमटी आणि एक सुकी चटणी यावर घर खूश होतं. मिक्सर आला आणि दोशाची चटणी वेगळी, इडलीची वेगळी, मेथकूट घरचं, मसाला घरचा. "मिक्सर हाय की," एवढं म्हटलं की पुरे. कपड्यांचं मशीन यायच्या आधी घरातला प्रत्येक बाप्या न्हाताना आपली चड्डी-बनियन दगडावर खंगाळून पिळून टाकायचा. सदरा दोन दिवस चालायचा, विजार तीन. मशीन आलं आणि अंगाला लागलेला कपडा संध्याकाळी मशीनच्या पोटात. ते धुतं, हे कबूल. पण वाळत घालणं, काढणं, घडी घालणं, ज्याच्या त्याच्या कपाटात ठेवणं हे त्याच्या बापाला येत नव्हतं. फ्रिज आला तर उरलेलं कालवण कुणाच्या गळ्यात मारायचं ही नवी काळजी घेऊन. कुकरची शिट्टी सगळ्या घराला ऐकू जायची आणि मोजायच्या मालुबाई एकट्याच, अगदी न्हाणीघरात अंगाला साबण असला तरी. आणि एवढं सगळं असून सोसायटीत कुणी विचारलं की नागोजीराव मोकळ्या मनानं सांगायचे, "आमच्या मंडळींना काय, घरात सगळी मशिनं हैत." त्यांच्या स्वरात अभिमान असायचा. तो मालुबाईंना बोचायचा आणि बोचतो हे सांगता यायचं नाही, कारण माणूस मायेनंच बोलत होता.

गेल्या खंडेनवमीची गोष्ट. रचना बँकेत आहे. घरी आणलेलं काम ती लॅपटॉपवर करते. नागोजीरावांनी स्वतः तिच्या खोलीत जाऊन लॅपटॉपला कुंकू लावलं, फूल ठेवलं आणि म्हणाले, "आता ह्यो उद्यापातूर उघडायचा न्हाय. सायबाचा फोन आला तर मला दे." रचना हसली, खूश झाली. मालुबाई दारात नारळ घेऊन उभ्या होत्या. त्यांनाही हसू आलं. सुनेचा हेवा वाटला त्यांना. त्याची लाजही वाटली. ही पोर संध्याकाळी बँकेतून येते, ओढणी कमरेला खोचते आणि थेट ओट्याशी उभी राहते, तिच्या वाट्याला मुळात कामाच्या दोन पाळ्या. तिचा कसला हेवा? पण वाटला. तिचं एक तरी हत्यार या घरात हत्यार म्हणून मोजलं गेलं होतं. त्या नारळ ठेवून आत आल्या आणि पुरण वाटायला बसल्या.

"झालं काय गं? कुकर लागला न्हाय अजून?" नागोजीराव आत आले. अंगात पांढरा सदरा, कपाळाला ओलं गंध, हातात पूजेचं ताट. ते दोन पावलं पुढे आले आणि थबकले. शेगडी पाहिली, मिक्सर पाहिला, कुकर पाहिला, मशीनवरची माळ पाहिली. आणि मोठ्यांदा हसले. "आगं, ह्ये काय करून बसलीस? सैपाकाच्या आधीच?"

"झालं खरं," मालुबाई म्हणाल्या. आवाज आपला नव्हेच असं त्यांना वाटलं. "हातनं झालं."

"मग काढ की ती फुलं. देवीला सांग चुकलं म्हणून. ती काय रागावतीया व्हय."

"मी न्हाय काढणार."

नागोजीरावांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. एवढी वर्षं संसार केला, मालुबाई कधी मोठ्यानं भांडल्या नव्हत्या, आणि आज एका झेंडूवरून. आत्ताही उठावं, हसावं, 'गंमत केली हो' म्हणावं, आणि सगळं सुरळीत होऊन जाईल. पण मग आयुष्यात पुन्हा कधी आपल्याला हे म्हणता यायचं नाही, हे त्यांना समोरच्या भिंतीइतकं स्पष्ट दिसत होतं. आज हे फूल निघालं तर ते कायमचं निघालं. त्या स्टुलाला धरून बसून राहिल्या.

आवाज ऐकून रचना आली. तिनं दोघांच्या तोंडाकडे पाहिलं, मग ओट्याकडे. "आत्या, मी काढू का?" ती सासूला हळूच म्हणाली. "कुणाला कळतंय? मानसं यायची हैत, उगंच..."

"तुज्या लॅपटॉपचं गेल्या वर्साला कुनी काडलंतं फूल?" मालुबाईंनी विचारलं. रचनाचा हात ओढणीशी गेला होता, तो तिथून खाली आला.

नागोजीराव समजुतीच्या सुरात बोलायला लागले. हा सूर ते नव्या कामगारांशी वापरतात. "त्येची गोष्ट येगळी, मालू. हत्यार कशाला म्हंत्यात? ज्येच्यावर आपलं पोट चालतंय ते हत्यार. लेथ म्हन, बँकेचं काम म्हन. संकेश्वरचा त्यो ऊसवाला मोडका शाफ्ट घेऊन दारात बसलाता, रडकुंडीला आलता, तरी खंडेनवमीला मी मशीन लावलं न्हाय. का? पोट चालतंय त्येच्यावर. त्येचा मान न्हाय राखला तर..."

"मग सांगा," मालुबाई म्हणाल्या. त्यांनी शेगडीकडे बोट केलं. "ह्येच्यावर कुनाचं चालतंय?"

बाहेर रस्त्यावरून हार घातलेला एक टेम्पो भोंगा वाजवत गेला. नागोजीराव शेगडीजवळ गेले. त्यांनी हात पुढे केला. तो हात मालुबाईंच्या ओळखीचा होता, नखांच्या कडांना कायमचं काळं वंगण, अंगठ्यावर जुना व्रण. हात झेंडूच्या वर आला आणि तसाच राहिला. नागोजीराव फुलाकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे आलं ते मालुबाईंनी वर्कशॉपमध्येच पाहिलं होतं: एखादा भाग मापात बसत नसला की ते चिडत नाहीत, तो हातात घेऊन नुसते फिरवत राहतात. मग त्यांनी हात खाली घेतला, पूजेचं ताट ओट्याच्या कडेला ठेवलं आणि मागच्या दारानं परड्यात निघून गेले.

रागावले, मालुबाईंना वाटलं. आता दिवसभर बोलायचे नाहीत. सणाच्या दिवशी आपण काय हे मांडून बसलो. गुडघे आपोआप उठायला निघाले, त्यांनी ते दाबून धरले. मागून ठाक असा आवाज आला. पुन्हा ठाक. रचना दाराशी जाऊन डोकावली आणि मागे वळली तेव्हा तिचे डोळे मोठे झाले होते. "आत्या, आप्पा लाकडं फोडाय लागल्यात."

त्या दोघी दारात येऊन उभ्या राहिल्या. परड्यात बाथरूमच्या बांधकामातल्या उरलेल्या विटा पडल्या होत्या. त्यातल्या तीन मांडून झाल्या होत्या. नागोजीराव पांढरा सदरा काढून बनियनवर उभे होते आणि वर्कशॉपच्या मालाबरोबर आलेली लाकडी पेटी कुऱ्हाडीनं फोडत होते.

"कुऱ्हाड बी हत्यारच की," मालुबाई म्हणाल्या. बोलायचं नव्हतं, निघून गेलं.

"हिची पूजा व्हायची हाय अजून," नागोजीराव वर न बघता म्हणाले. मग त्यांनी विजारीच्या खिशातून फोन काढला आणि कानाशी धरला. पलीकडे यल्लाप्पा असावा, वर्कशॉपचा सगळ्यात जुना कामगार. "यल्लाप्पा, लौकर ये रं. सगळ्यास्नी घेऊन ये. येताना गूळ आन, आनि नारळ खवून आन तुज्याकडनं. न्हाय, न्हाय, पुरनपोळी न्हाय. आज गूळभात. मालकीनबाईंचा कारखाना बंद हाय आज. व्हय, हत्यारं बसल्यात तिथली."

कारखाना. मालुबाईंनी तो शब्द ऐकला आणि दाराच्या चौकटीला धरलं. हा माणूस हा शब्द उगाच वापरत नाही. स्वतःच्या वर्कशॉपलाही तो कधी कारखाना म्हणत नाही, तेवढं मोठं नाही ते, असं म्हणतो. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि या वेळी धुराला दोष देता येत नव्हता, कारण चूल अजून पेटायची होती.

ती पेटायला बराच वेळ गेला. नागोजीराव वाकून फुंकर घालत होते, गाल फुगवत होते, मध्येच खोकत होते. दमछाक होत होती, वय झालं होतं. यल्लाप्पा आला, म्हणाला, "मालक, सरका मी बघतो," तर त्यालाही सरकू देईनात. शेवटी ज्योत धरली तेव्हा त्यांनी मान वर केली आणि मालुबाईंकडे बघून हसले. बाकीचे कामगार येऊन परड्यात उकिडवे बसले, कुणी तांदूळ धुतले, कुणी गूळ फोडला. पातेल्यात पाणी जास्त झालं. रचनाबरोबर पायरीवर बसलेल्या मालुबाईंना ते तिथूनच दिसलं. जिभेच्या टोकाशी शब्द आले, पाय पायरीवरून खाली गेला. रचनानं त्यांचा दंड हलकेच धरला. दोघी पुन्हा बसल्या. मग वास आला, तळ लागल्याचा. तोही त्यांनी सोसला. आयुष्यात सोसलेल्या गोष्टींत ही सगळ्यात कठीण होती असं त्यांना वाटलं, आणि मग स्वतःच्याच विचाराचं हसू आलं. काहीही न करता बसणं हेही शिकावं लागतं. एवढी वर्षं कुणी शिकवलंच नव्हतं.

सूर्य डोक्यावर आला तेव्हा भात उतरला. यल्लाप्पा एका वाटीत नैवेद्य आणि लेथची फुलं घेऊन मोटरसायकलवरून वर्कशॉपला गेला आणि लेथची पूजा करून, देवीला नैवेद्य दाखवून परत आला. परड्यात केळीची पानं मांडली गेली आणि कामगार बसले. नागोजीराव आतून पूजेचं ताट घेऊन आले. त्यांच्या कपाळावर राख होती, बनियन घामानं चिकटलेलं. ते मालुबाईंपुढे उभे राहिले आणि हळदीकुंकवात बोट बुडवलं.

"सगळ्यांची झाली," ते म्हणाले. "तू तेवढी र्‍हायलीस. ये, तुलाबी लावतो. घरातलं खरं हत्यार तूच की."

मायेनं बोलले होते. मालुबाईंना ते कळत होतं. एरवी त्यांनी लाजून कपाळ पुढे केलं असतं आणि वर्षभर ती आठवण पुरवून खाल्ली असती. त्यांनी नवऱ्याचं मनगट धरलं. "न्हाय," त्या म्हणाल्या, आणि आता आवाज आपलाच आहे याची त्यांना खात्री होती. "मी हत्यार न्हाय. हत्यारं आत बसल्यात ओट्यावर. मी कारागीर हाय."

नागोजीरावांचं कुंकवाचं बोट हवेतच राहिलं. मग यल्लाप्पा पानावरून उठला, धोतराला हात पुसले आणि म्हणाला, "मालक, मग आमी उठतो. कारागिरानं आधी बसायचं असतंय आज. तुमीच वाढताय की आमाला दरसाल."

नागोजीरावांनी ताट खाली ठेवलं. कुंकवाचं बोट बनियनला पुसलं. एक पान त्यांनी स्वतः उचललं, पाण्यानं धुतलं आणि सावलीच्या बाजूला मांडलं. मग शेजारी दुसरं, रचनासाठी. मालुबाई पाट न घेता तशाच मांडी घालून बसल्या. गरम भाताची वाफ तोंडावर आली. भात थोडा गिच्च होता, गूळ सढळ पडला होता, आणि तळाचा करपलेला वास सगळीकडे होता. त्यांनी पहिला घास घेतला. जीभ पोळली. आपल्याला भात इतका गरम खायची सवयच नाही, असं त्यांच्या मनात आलं. रचना शेजारी खाली मान घालून भराभर जेवत होती. समोर नागोजीराव पातेलं घेऊन उभे होते, वाट बघत, कसा झालाय ते ऐकायला पोरासारखे अधीर.

मालुबाईंनी सावकाश पान संपवलं. मग ते पुढे सरकवलं.

"आनिक वाढा," त्या म्हणाल्या.